विचारा की! : टी-शर्टवरच्या चार काळ्या पट्ट्या

गेल्या अंकात स्पीकरची कॉइल का जळते यावर लिहिताना जाता जाता ब्लॅक फ्लॅग या अमेरिकन बँडचं नाव घेतलं होतं. एवढीशी एक ओळ. तिच्यावर इतकी पत्रं आलीत की इन्व्हर्टरची बॅटरी, होम थिएटर आणि भजनी मंडळाच्या माईकची शिट्टी हे नेहमीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलतोय. भजनी मंडळांनी तोवर माईक स्पीकरच्या मागं ठेवावा, निम्मी शिट्टी तिथंच थांबते.

‘सांगलीत ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे कुठनं ठाऊक?’ असंही एकानं विचारलंय. माझा मेहुणा जहाजावर होता. लॉस एंजेलिसच्या सॅन पेड्रो बंदराला बोट लागली की सगळे परफ्यूम आणि जीन्स आणायचे, हा कॅसेटी आणायचा. त्या वाजवायला टेप माझ्याच दुकानात होता. संपली गोष्ट.

काका, मुलगा बारावीला आहे. त्यानं ऑनलाइन टी-शर्ट मागवलाय. छातीवर चार काळ्या उभ्या पट्ट्या, त्याही एक खाली एक वर. छपाई चुकली म्हणून परत पाठवायला निघाले तर घरात रडारड! वर ब्लॅक फ्लॅग असं लिहिलंय. आपल्याकडं मंत्री आले की काळे झेंडे दाखवतात, तसली कुठली संघटना आहे का? काळजी करू का? — एक आई, विश्रामबाग

ताई, छपाई बरोबर आहे, परत पाठवू नका. पट्ट्या खाली-वर आहेत त्या झेंडा फडकताना दिसावा म्हणून. हे चित्र रेमंड पेटिबॉनचं. खरं आडनाव गिन, बँडचा गिटारवाला ग्रेग गिन याचा सख्खा भाऊ. बँडची पोस्टरं, रेकॉर्डची कव्हरं हाच काळ्या शाईत काढायचा. आज त्याची चित्रं न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये आहेत. भावाभावाचं मात्र पुढं फाटलं.

संघटना नाही, गाण्याचा बँड आहे. पण तुमचा मंत्र्यांचा दाखला अगदीच गैर नाही. पांढरा झेंडा शरण जायचा, मग काळा न जुमानणाऱ्यांचा, असा त्यांचा हिशोब होता. त्याच नावाचं झुरळं मारायचं औषध अमेरिकेत घरोघरी असायचं. ते ठाऊक असूनही नाव ठेवलं.

आता तुमच्या काळजीचं. १९८१ मध्ये यांचा ‘डॅमेज्ड’ नावाचा पहिला मोठा अल्बम निघाला. वितरण एमसीए या बड्या कंपनीकडून व्हायचं होतं. पंचवीस हजार प्रती छापून झाल्या आणि कंपनीतल्या अल बर्गामो नावाच्या साहेबानं ऐकून सांगितलं की एक बाप म्हणून मला ही रेकॉर्ड पालकविरोधी वाटते, आम्ही विकणार नाही. पोरांनी काय केलं असेल? त्याचं तेच वाक्य छापून स्टिकर बनवले आणि कव्हरवरच्या एमसीएच्या नावावर चिकटवले. असली फुकटची जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

त्या कव्हरवर हेन्री रॉलिन्स हा गायक आरशावर बुक्की मारतोय आणि हात रक्तानं माखलाय. मुलाच्या मोबाइलवर ते चित्र दिसलं तर दचकू नका. आरसा हातोडीनं आधीच फोडलेला होता आणि रक्त म्हणजे लाल शाईत कालवलेली कॉफी.

हे सगळं गोडगोड होतं असंही मी म्हणणार नाही. यांच्या कार्यक्रमात पोरं एकमेकांवर आदळायची, मारामाऱ्या व्हायच्या, लॉस एंजेलिसचे पोलीस दांडके घेऊन हॉल रिकामे करायचे. तुमचा मुलगा विश्रामबागेत बसून ऐकतोय. काळजी करायचीच तर हेडफोनच्या आवाजाची करा. शेजारी बसून तुम्हाला शब्द ऐकू येत असतील तर आवाज जास्त आहे.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. तुमचं वाचून नातवाच्या फोनवर हे ऐकलं. गाणारा ओरडतोय, तारा लागलेल्या नाहीत, आणि कुठं कान द्यावा तोवर गाणं संपलं. याला संगीत म्हणायचं? — मिरज

साहेब, तुमच्यासमोर सुराबद्दल बोलायची माझी छाती नाही, पण तारेबद्दल बोलतो. तुम्ही घोडीवर कानस फिरवून जवारी काढता ती तार स्वच्छ वाजावी म्हणून नव्हे. तार घोडीला घासत राहावी आणि मूळ सुरात वरचे सूर भरावेत म्हणून. ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त पिळला की लाटेचं डोकं कापलं जातं आणि तिथंही तसंच वरचं काहीबाही भरतं. दुकानात कोणी असा आवाज घेऊन आला की मी आउटपुटचे ट्रान्झिस्टर बदलून देतो. गिननं तोच आवाज धरला, आणि त्यावर बेसूर जाणारे सूर जाणूनबुजून घेतले. अडाणीपणातून नव्हे. हा माणूस ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचा भक्त होता, जे एकेक गाणं अर्धा अर्धा तास फुलवत बसायचे. लांबण काय असते हे ऐकून ऐकून त्यानं ती छाटली होती.

गिटार पण बघण्यासारखी. डॅन आर्मस्ट्राँग बनावटीची, अंग पारदर्शक ॲक्रिलिकचं, आरपार दिसतं. भोपळा नाही, तून नाही. तुम्ही हातात घेतली तर पहिलं वजनाबद्दल बोलाल.

रियाज म्हणाल तर रोज तासन्‌तास, दौरा नसेल तेव्हाही. ड्रम वाजवणाऱ्याचं टोपणनाव रोबो, माणूस कोलंबियाचा; मनगटात कडी घालून वाजवायचा आणि त्या कड्यांची छुमछुम रेकॉर्डमध्ये ऐकू येते. ती काढून टाकायची कोणाला गरज वाटली नाही. १९८१ च्या शेवटी इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि व्हिसाच्या भानगडीत परत अमेरिकेत येता आलं नाही. तिथंच बँडमधून सुटला.

आणि गाणी एवढी छोटी का? पंक म्हणजे रांगडं, झटपट वाजवायचं रॉक संगीत. ते आलं सत्तरच्या दशकाच्या मध्याला, न्यूयॉर्क आणि लंडनमधून. मोठ्या कंपन्यांनी ते उचललं, कपड्यांची फॅशन झाली. मग कॅलिफोर्नियाच्या उपनगरातल्या आणि वॉशिंग्टनच्या पोरांनी त्यातलं होतं नव्हतं ते गोंडस काढून टाकलं आणि वेग दुप्पट केला. डीओए या कॅनडाच्या बँडनं १९८१ मध्ये अल्बमच्या नावातच ‘हार्डकोर’ घातलं, तेव्हापासून तेच नाव रूढ झालं. वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेटचं तर सगळ्यांत गाजलेलं गाणं पाऊण मिनिटाचं आहे. आवडलंच पाहिजे असा आग्रह नाही. ब्लॅक फ्लॅगचे १९८५ चे अल्बम मलाही ऐकवत नाहीत.

काका, आम्ही चौघं मित्र. बेदाण्याचा हंगाम सरला की आमच्या आप्पांचं शेड रिकामं असतं, तिथं वाजवतो. पुण्या-मुंबईत ओळख नाही, रेकॉर्डिंग कोण करणार, ऐकणार कोण? या लोकांनी कसं जमवलं? — शेडवाले, तासगाव

पोरांनो, तुमच्या पत्रासाठीच हा अंक लांबवलाय.

ग्रेग गिन १९५४ चा. वडील शिक्षक, राहणं हर्मोसा बीच या समुद्रकाठच्या गावात, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला. पोरगा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसचा वेडा. शाळकरी वयातच त्यानं दुसऱ्या महायुद्धातलं भंगारात निघालेलं वायरलेसचं सामान आणून, दुरुस्त करून टपालानं विकायचा धंदा काढला. नाव ठेवलं सॉलिड स्टेट ट्यूनर्स. एसएसटी. हे नाव लक्षात ठेवा.

१९७६ मध्ये कीथ मॉरिस या गायकाबरोबर बँड काढला, नाव पॅनिक. वाजवायला जागा कोणी देईना. १९७८ च्या जानेवारीत चार गाणी रेकॉर्ड केली, सगळी मिळून पाच मिनिटं. एक रेकॉर्ड कंपनी काढतो म्हणाली आणि नुसतीच वाट बघायला लावली. मधल्या काळात कळलं की पॅनिक नावाचा दुसरा बँड आहे, म्हणून भावानं सुचवलेलं ब्लॅक फ्लॅग हे नाव घेतलं. शेवटी गिननं टेलिफोन डिरेक्टरी उघडली, रेकॉर्ड दाबून देणारा कारखाना शोधला आणि ऑर्डर देऊन टाकली. कंपनीचं नाव काय टाकायचं? वायरलेसवालं होतंच की. एसएसटी. ‘नर्व्हस ब्रेकडाउन’ ही त्या कंपनीची पहिली रेकॉर्ड, १९७९ च्या सुरुवातीची. ट्यूनर पॅक करून टपालात टाकायची सवय होतीच, आता त्याच हातांनी रेकॉर्डी पॅक केल्या.

कार्यक्रमांचंही तसंच. १९७९ च्या जुलैत शेजारच्या मॅनहॅटन बीच गावाच्या बागेत साधी सोज्वळ गाणी वाजवतो असं सांगून परवानगी काढली. रविवारची घरातली माणसं डबे घेऊन आलेली. पहिल्या गाण्यालाच डब्यातलं सगळं स्टेजवर यायला लागलं. हे वाजवत राहिले. पेटिबॉनची पोस्टरं खांबाखांबावर चिकटवली. पुढं एक व्हॅन घेतली, त्यात सामान, सामानावर माणसं. गावोगावच्या बँडवाल्यांचे फोन नंबर जमवायचे, कोणाच्या तरी घरी फरशीवर झोपायचं, आणि आज जिथं चाळीस माणसं आली तिथं पुढच्या वर्षी परत जायचं. त्यांच्या मागनं दुसरे बँड त्याच रस्त्यानं गेले. मिनिटमेन, हुस्कर डू, सोनिक यूथ, साउंडगार्डन या सगळ्यांच्या रेकॉर्डी एसएसटीनं काढल्यात. युद्धाच्या भंगारातून उभी राहिलेली कंपनी ही.

आता दुसरी बाजू, ती पण ऐका. ‘डॅमेज्ड’च्या वेळी यांनी युनिकॉर्न नावाच्या कंपनीशी करार केला. पुढं पैशावरून बिनसलं, कोर्टात गेलं, आणि कोर्टानं बँडला स्वतःच्याच नावानं रेकॉर्ड काढायला मनाई केली. गिन आणि बेसवाला चक डुकोव्स्की यांनी जुनी गाणी गोळा करून बँडचं नाव न टाकता, फक्त वाजवणाऱ्यांची नावं टाकून एक संग्रह काढला. कोर्टाला ते पटलं नाही. दोघे पाच दिवस जेलमध्ये. युनिकॉर्न दिवाळखोरीत निघाली तेव्हा कुठं सुटका झाली, आणि साचलेलं इतकं होतं की १९८४ या एकाच वर्षात तीन स्टुडिओ अल्बम आणि वर एक लाइव्ह काढला.

आणि जो माणूस दुसऱ्याच्या करारात असा भरडला गेला, त्याच्याच कंपनीकडून पुढं सोनिक यूथला, मीट पपेट्सला आपल्या मूळ टेपा परत मागून घ्याव्या लागल्या. मला गिनच्या सोल्डरिंगबद्दल आदर आहे, हिशोबाच्या वहीबद्दल नाही. म्हणून चौघं आत्ताच, भांडण नाही तोवर, साध्या कागदावर लिहा : नाव कोणाचं, गाणी कोणाची, एक जण सोडून गेला तर ड्रम कोणाकडं. आप्पांना साक्षीदार करा.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर आज चार गाणी लोकांपर्यंत पोचवायला डिरेक्टरीही लागत नाही, चांगला माईक आणि शांत दुपार लागते. शेड चारी बाजूंनी उघडं, त्यामुळं घुमणार नाही, हा फायदा. पत्र्याखाली पावसात मात्र रेकॉर्ड करू नका.

दोन गोष्टी जिवाच्या. शेडवर शेतीची लाइन असेल तर अर्थिंग तपासल्याशिवाय गिटार हातात घ्यायची नाही. हातात तारा आणि ओठ माईकच्या जाळीला, अशा वेळी बसणारा शॉक साधा नसतो. जमिनीत नवी पट्टी पुरा, मीठ-कोळसा घाला, वायरमनकडून मोजून घ्या. दुसरं, ॲम्प शेडवर मुक्कामाला ठेवू नका. तुमच्याकडं बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्या धुरानं तांबं काळं पडतं. जॅकच्या पिना, व्हॉल्यूमचा पॉट, रिलेचे पॉइंट सगळे खरखरायला लागतात. तासगावकडनं येणारा ॲम्प उघडला की आत बघायच्या आधी वासावरनं मी गाव ओळखतो.

मी बेस शिकतेय. या बँडमध्ये एखादी बाई होती का, का सगळे बाप्येच? — सांगली

होती. किरा रोस्लर, १९८३ च्या शेवटी आली, १९८५ पर्यंत राहिली. तेव्हा विद्यापीठात शिकत होती. अभ्यास, परीक्षा आणि दौरे एकदमच. गिनच्या तालमी इतक्या लांबायच्या की हात दुखावला तरी वाजवत राहिली. तिच्या आधीच्या ‘माय वॉर’ अल्बमला बेसवालाच नव्हता. गिननं स्वतः वाजवला आणि कव्हरवर डेल निक्सन असं खोटं नाव टाकलं. कोण हा डेल, म्हणून लोक शोधत बसले.

किरा पुढं हॉलिवूडमध्ये सिनेमाच्या संवादांची ध्वनी-संपादक झाली, एमी पारितोषिक मिळालं. तिचे १९८४ चे लाइव्ह कार्यक्रम ऐक. गिटार भरकटते तेव्हा जमिनीवर कोण उभं आहे ते कळेल.

मित्र म्हणतो, रॉलिन्स यायच्या आधीचाच ब्लॅक फ्लॅग खरा. मी रॉलिन्सवाला. निकाल द्या. आणि बँड फुटला कसा? — पोवई नाका, सातारा

१९८६ पर्यंतचे गायक चार. कीथ मॉरिस १९७९ मध्ये सोडून गेला. रॉन रेयेस तर १९८० मध्ये चालू कार्यक्रमातनं उतरून गेला, बाकीच्यांनी समोरच्या पोरांच्या हातात माईक देऊन वेळ मारून नेली. तिसरा डेझ कडेना, घसा पार बसला म्हणून गिटारकडं वळला. चौथा रॉलिन्स. हा वॉशिंग्टनमध्ये आइस्क्रीमच्या दुकानात कामाला होता. १९८१ मध्ये न्यूयॉर्कला यांचा कार्यक्रम बघायला आला, सकाळी कामावर जायचंय तेव्हा एक गाणं वाजवा म्हणून ओरडला, आणि वाजवल्यावर स्वतःच चढून गायला. काही दिवसांत बोलावणं आलं. वय वीस.

निकाल असा : पहिल्या चार गाण्यांसाठी मित्र जिंकला, ‘डॅमेज्ड’साठी तुम्ही. मला विचाराल तर कडेनाचा तो फाटलेला आवाज सगळ्यांत खरा वाटतो, पण त्याच्या वाट्याला अख्खा अल्बम आलाच नाही.

फुटायला फारसं नाट्य नव्हतं. १९८६ च्या उन्हाळ्यात गिननं रॉलिन्सला फोन केला आणि सांगितलं की मी बँड सोडतोय. ज्याचा बँड त्यानंच सोडला म्हटल्यावर उरलं काय? नाट्य नंतर झालं. २०१३ मध्ये मॉरिस, डुकोव्स्की वगैरे जुनी मंडळी फक्त ‘फ्लॅग’ नावानं जुनी गाणी वाजवायला लागली. गिननं नावावरून आणि पट्ट्यांवरून दावा ठोकला. न्यायाधीशांनी त्यांना थांबवायला नकार दिला. भाऊबंदकी म्हटली की बांध कुठलाही चालतो.

२०१९ च्या पुरात घरात पाणी आलं, कॅसेटींची पेटी भिजली. चुलतभावानं अमेरिकेतून आणलेली ‘माय वॉर’ त्यातच आहे. टाकवत नाही. वाचेल का? — सांगलवाडी

वाचेल, पण आधी टेपमध्ये घालून बघायचा मोह आवरा. आत अजून कृष्णेची माती आहे, ती हेडवर चढेल आणि टेपची चुंबकी पूड खरवडून काढेल.

कोपऱ्यांचे आणि मधला असे पाच बारीक स्क्रू काढा. स्क्रू नसून चिकटवलेली असेल तर कडेनं पातळ पातं घालून हलकेच फोडा, खोका गेला तरी चालेल. दोन्ही गुंडाळ्या टेपसकट उचला, बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. साबण नको. सावलीत, पंख्यापासून लांब, टिपकागदावर वाळवा. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही वर्ज्य, टेप वाकडी होते. पांढरी बुरशी दिसली तर तोंडाला रुमाल बांधून मऊ कापडानं पुसा. मग जुन्या भजनाच्या वगैरे कॅसेटचा स्क्रूवाला चांगला खोका घ्या, त्यात दाबपट्टीचा स्पंज शाबूत आहे ना बघा, आणि गुंडाळ्या बसवा. हातानं पेन्सिलीनं एकदा पुढं, एकदा मागं फिरवा. पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. दुसरी संधी मिळेलच असं नाही.

आणि एक. पहिली बाजू झरझर जाईल. दुसरी बाजू लावली की सगळं एकदम जड, रखडत चाललेलं वाटेल. तिथं तीनच गाणी आहेत, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर, ब्लॅक सॅबथ या जड, संथ वाजवणाऱ्या इंग्लिश बँडच्या चालीनं. वेगासाठी आलेली पोरं त्या काळी यावर भयंकर चिडली होती. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेननं मात्र हा अल्बम आपल्या आवडत्या पन्नासांत लिहून ठेवला. तेव्हा बेल्ट ढिला झाला म्हणून टेप घेऊन माझ्याकडं येऊ नका. बेल्ट ठीक आहे, गाणंच तसं आहे.